प्रारूप म्हणता, मग हरकती का मागवत नाही?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वाक्यरचना शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेत आजचा विषय 'प्रदूषकांच्या प्रवासाची संगणकीय प्रारूपे' असा छापलाय. एवढं वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. (हशा) या मथळ्यातला एक शब्द मला फार आवडतो. 'प्रारूप'. मॉडेलला मराठीत कुणी प्रतिमान म्हणतं, कुणी प्रतिकृती, कुणी प्रारूप. आता प्रारूप हा शब्द आपल्याला पुस्तकापेक्षा नगरपालिकेच्या फलकावर जास्त भेटलेला आहे. प्रारूप मतदार यादी. प्रारूप प्रभाग रचना. प्रारूप विकास आराखडा. आणि त्याखाली हमखास एक ओळ असते, अमुक तारखेपर्यंत हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. म्हणजे प्रारूप हे अजून पक्कं झालेलं नाही. ज्याचं नाव गळालंय त्यानं येऊन सांगावं.

माझी आजची तक्रार त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. कारखान्याचं सांडपाणी, डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, कचरा डेपोखालून झिरपणारं काळं पाणी, उसाच्या शेतातलं नायट्रेट हे जमिनीखालून कुठं जाईल, किती दिवसांत पोचेल, पोचेपर्यंत किती उरेल, याचं गणित संगणकावर मांडता येतं. पण हे गणित लोकांसमोर येतं तेव्हा त्याच्याखाली हरकतींची ओळ नसते. एक रंगीत नकाशा असतो आणि 'भूजलावर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही' असं एक वाक्य असतं. आणि पुष्कळदा तर त्याच्याही पुढची गंमत होते. जमिनीखालचं गणित केलेलंच नसतं, वाक्य मात्र तेच असतं.

मी संगणकाच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. उलट ही प्रारूपं आपल्याकडे जास्त हवीत. जमिनीखालचं कुणाला दिसत नाही, विहीर खराब झाल्यावरच कळतं, आणि एकदा झालेली विहीर पूर्ववत व्हायला एक पिढी जाऊ शकते. आधी अंदाज बांधायची दुसरी सोय नाही. तक्रार आहे ती अंदाज बांधण्याच्या पद्धतीबद्दल, आणि बांधल्यावर त्याचं काय होतं त्याबद्दल.

थोडं गणित करू. घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहे.

हेन्री डार्सी नावाचा फ्रेंच अभियंता होता. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना त्यानं नळकांड्यात वाळू भरली, वरून पाणी सोडलं आणि किती पाणी किती वेगानं खाली येतं ते मोजलं. १८५६ साली त्याचा नियम प्रसिद्ध झाला. आज भूजलाचं जे सॉफ्टवेअर जगभर वापरतात, अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मॉडफ्लो, त्याच्या पोटात अजूनही डार्सीच आहे. ते फुकट मिळतं, कुणीही उतरवून घेऊ शकतो. महाग असते ती त्यात भरायची माहिती.

समजा, एका ठिकाणी सांडपाण्याचा तलाव आहे. हे आकडे मी समजण्यासाठी घेतोय, कुठल्या गावचे नाहीत. तलावापासून उताराच्या बाजूला ७०० मीटरवर एक विहीर आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीला हजार मीटरमागे पाच मीटर उतार आहे. खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता रोज एक मीटर धरू. डार्सीनं गुणलं की येतात रोज पाच मिलिमीटर. पण पाणी अख्ख्या खडकातून थोडंच वाहतं? ते वाहतं खडकातल्या पोकळीतून. म्हणून त्या पाच मिलिमीटरला पोकळीच्या प्रमाणानं भागायचं. आता पोकळी किती धरायची? पाठ्यपुस्तकात वाळूसाठी पंचवीस टक्के दिलेली असते. ती धरली तर पाणी रोज दोन सेंटिमीटर सरकतं, वर्षाला सव्वासात-साडेसात मीटर. विहिरीपर्यंत पोचायला शहाण्णव वर्षं. म्हणजे नातवाच्या नातवानं बघावं.

पण आपल्या जमिनीखाली वाळू नाही, बेसाल्ट आहे. आपल्या देशात भूजल अंदाजाची जी १९९७ ची सरकारी पद्धत होती, तिच्यात झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टातून निचरून मिळणारं पाणी एक ते तीन टक्के धरलेलं होतं. ती आणि ही पोकळी तंतोतंत एकच नव्हे, पण जवळची. दोन टक्के धरा. तेच पाणी आता रोज पंचवीस सेंटिमीटर जातं आणि पावणेआठ वर्षांत विहिरीत येतं. एक टक्का धरा, चार वर्षांच्या आत येतं. बाकी सगळे आकडे तेच आहेत. तोच तलाव, तीच विहीर. एका रकान्यातला एक आकडा बदलला आणि शहाण्णवाचे चार झाले.

आता मला सांगा, हा आकडा कुठून घेतला, हे विचारायचा हक्क त्या विहिरीच्या मालकाला हवा की नको? अहवालात हा आकडा असतो, पण तो इंग्रजी परिशिष्टात, एका तक्त्यात, 'गृहीत मूल्य' म्हणून. सारांश मराठीत असतो, आणि सारांशात गृहीतं येत नाहीत.

आपला जिल्हा, अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं, सांभाळून घ्या, क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाई, घाटघर, रतनवाडी, तिथं हजारो मिलिमीटर पाऊस. पूर्वेला पाथर्डी-शेवगाव, तिथं ढग नुसते बघायचे. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठाला गाळाची जमीन, बाकी बहुतेक सगळा काळा कातळ. आणि हा कातळसुद्धा एकसारखा नाही. विहीर खणणाऱ्याला विचारा. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मध्येच गेरूचा लाल पट्टा, त्याखाली काळा पाषाण, सुरुंग लावल्याशिवाय न हलणारा. पाणी लागतं ते झऱ्याला. झरा एका बाजूनं येतो. म्हणून तर शेजारच्या दोन विहिरींपैकी एक उन्हाळाभर चालते आणि दुसरी मार्गशीर्षात तळ दाखवते. हे आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रारूपात मात्र हे सगळं मिळून एक थर होतो, त्याला एक रंग आणि एक आकडा.

करणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे. ते म्हणतात, प्रत्येक भेग कोण मोजणार? बरोबर आहे, कुणीच मोजू शकत नाही. सोपं केल्याशिवाय प्रारूप होत नाही. गावचा नकाशा गावाएवढा काढला तर घडी कुठं घालणार? प्रश्न आहे तो सोपं करताना काय सोडलं, याचा. भेगा सोडल्या तर चूक एकाच दिशेनं होते: घाण उशिरा पोचेल असं उत्तर येतं. दोन्ही बाजूंना होणारी चूक वेगळी आणि दर वेळी एकाच बाजूला झुकणारी चूक वेगळी. किराणा दुकानात याला आपण चूक म्हणत नाही. (हशा)

भेगाळ खडकाची आणखी एक तऱ्हा आहे, ती जास्त त्रासदायक. घाण भेगेतून पळते, पण पळता पळता दोन्ही बाजूंच्या खडकात मुरते. सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते. पुढं वरचा स्रोत बंद केला, तलाव कोरडा केला, भेगेतून स्वच्छ पाणी वाहू लागलं, की खडक मुरलेलं ते हळूहळू परत सोडायला लागतो. म्हणून कारखाना बंद पडून वर्षं लोटली तरी विहिरीला वास राहतो, आणि लोकांना वाटतं कुणीतरी रात्री चोरून सोडतंय. कधी सोडतही असेल! पण न सोडताही हे होऊ शकतं. एक थर, एक आकडा, असं प्रारूप हे दाखवूच शकत नाही. ते सांगतं, स्रोत बंद, इतक्या वर्षांत पाणी स्वच्छ. लोक तेवढी वर्षं थांबतात.

आता ऋतूची गोष्ट. मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरण आघात अहवाल २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार होतात. त्यासाठी परिसराची आधारभूत माहिती गोळा करतात, ती बहुतेक वेळा एका हंगामाची, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. हवेच्या दृष्टीनं याला अर्थ आहे, पावसात धूळ बसते. पण भूजलाच्या दृष्टीनं हे म्हणजे पोळा सोडून बैलांची मिरवणूक बघायला जाण्यासारखं आहे. आपल्याकडे जमिनीत पाणी शिरतं ते मुख्यतः त्या चार महिन्यांत. तळ्याच्या कडेची, कंपोस्टच्या ओट्यावरची, ओढ्यात साचलेली घाण खाली ढकलली जाते ती तेव्हा. आणि त्याच महिन्यांत विहिरीतल्या नमुन्याची बाटली भरलेली नसते.

आणि आपल्याकडे दुसरा एक पावसाळा असतो, पाटाचा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. तेव्हापासून प्रवरेच्या दोन्ही कालव्यांखालच्या विहिरींचं जगणं आवर्तनावर आहे. पाटाला पाणी सुटलं की आठ-पंधरा दिवसांत विहिरी वर येतात, बंद झालं की उतरतात. म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा उतार वर्षात तीन-चारदा बदलतो, काही ठिकाणी दिशासुद्धा फिरते. कालव्याखाली चोपण आणि पाणथळ झालेल्या जमिनी आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय, तेही या झिरपण्याचंच देणं. ज्या प्रारूपात आवर्तनाच्या तारखा नाहीत, ते प्रारूप श्रीरामपूर-राहत्याचं असूच शकत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्याचं असेल.

नदीबद्दल एकच वाक्य सांगून पुढं जातो. नदीत घाण सोडल्यावर प्राणवायू कसा घटतो आणि पुढं कसा सावरतो, याचं जुनं सूत्र १९२५ साली अमेरिकेत ओहायो नदीवर बसवलेलं आहे, स्ट्रीटर आणि फेल्प्स यांचं. बारमाही वाहत्या नदीचं ते सूत्र. आपली प्रवरा उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे साचलेल्या डोहांची माळ असते. तिला ओहायोचं सूत्र लावायचं तर आधी नदीला वाहायची विनंती करावी लागेल.

आता ज्या वाक्यापासून सुरुवात केली तिकडे येतो. साखर कारखान्याच्या किंवा डिस्टिलरीच्या विस्ताराचा अहवाल उघडला, तर त्यात हवेचं प्रारूप साधारणपणे मिळतं. बॉयलरची चिमणी इतकी उंच, धूर इतका, वारा असा. दहा किलोमीटरच्या वर्तुळात धुळीचं प्रमाण किती वाढेल याचा नकाशा. ठीक आहे, चांगलं आहे. पण डिस्टिलरीची मुख्य पीडा चिमणीतून जात नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. वर्तमानपत्रं ज्याला 'मळीमिश्रित पाणी' म्हणतात तो. त्याचा बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम. घरगुती सांडपाण्याचा दोन-तीनशे असतो. तपकिरी-काळा रंग, भरपूर क्षार, भरपूर पोटॅश. त्याचा जमिनीखालचा प्रवास कुठल्या प्रारूपात आहे? बहुतेक कुठल्याच नाही. कारण दिलेलं असतं की प्रकल्प 'शून्य द्रव विसर्ग' तत्त्वावर चालेल. तलावाला अस्तर असेल, कंपोस्टसाठी पक्का ओटा असेल, थेंबही बाहेर जाणार नाही. स्रोत शून्य, म्हणून परिणाम शून्य.

मला या युक्तिवादाचं कौतुक वाटतं, इतका तो सुटसुटीत आहे. (हशा) पण प्रारूपाचा उपयोग असतो तो नेमका उलट प्रश्नासाठी. अस्तराच्या जोडाला चीर गेली तर? कंपोस्टच्या ओट्यावर जूनचा पहिला मोठा पाऊस मे महिन्यातच पडला तर? तलाव काठोकाठ असताना आसवनी चालू ठेवली तर? या तिन्ही 'तर'ची उत्तरं कुठल्या विहिरीत, कुठल्या वर्षी दिसतील? एवढं सांगणारं प्रारूप मागा. सगळं सुरळीत चालल्यावर काय होईल हे सांगायला संगणक लागत नाही.

आणि ही शंका हवेतली नाही. आपल्याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या सोनईला साखर कारखान्याच्या सांडपाण्यामुळे भूजल कसं दूषित झालं, याचा अभ्यास पवार, पोंढे आणि पाटील या संशोधकांनी केला. तो १९९८ साली 'एन्व्हायर्न्मेंटल जिऑलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. संगमनेर परिसरातल्या भूजलावरही स्थानिक प्राध्यापकांचे शोधनिबंध आहेत. विहिरी मोजलेल्या आहेत, नमुने तपासलेले आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे आकडे प्रारूप पडताळायला सोन्यासारखे असतात. १९९५ च्या आसपासची परिस्थिती संगणकात घाला आणि आजच्या विहिरीचं उत्तर काढायला सांगा. जमलं तर पुढच्या पंचवीस वर्षांबद्दल त्याचं ऐकू. पण नवा अहवाल लिहिणारा हे जुने निबंध उघडतो असं क्वचित दिसतं. प्रत्येक अहवालात आपला जिल्हा जणू कालच सापडलेला असतो.

आता जरा अवघड जागी येतो. आपल्याकडे कारखाना हा परका नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं, आणि त्या वाटेनं अख्ख्या पट्ट्याचं नशीब बदललं. हे कुणी नाकारू नये. पण त्याचा एक परिणाम असा, की ज्याची विहीर खराब झाली तो सभासदही असतो. त्याचा ऊस तिथंच जायचा असतो, मुलगा तिथंच कामाला असतो. तो तक्रार कुणाकडं करणार, स्वतःकडंच? मग पाण्यावरून भांडण झालंच तर ते आरोप-प्रत्यारोपाचं होतं. शेतकरी म्हणतो, तुमची मळी. कारखाना म्हणतो, तुमचा युरिया. तिसरा म्हणतो, पाटाच्या पाण्यानं क्षार वर आले. आणि खरं सांगायचं तर तिघांच्याही म्हणण्यात काहीतरी असतं.

इथं प्रारूप खरोखर कामाचं आहे, आणि इथंच ते कुणी वापरत नाही. कारण प्रत्येक घटकाची चाल निराळी. क्लोराइड कशाला चिकटत नाही, कुजत नाही. पाणी जाईल तिथं पाण्याच्या वेगानं जातं. पोटॅश काळ्या मातीच्या चिकणकणांना धरून बसतं, फार मागं राहतं. बीओडी वाटेत जिवाणू खाऊन टाकतात. नायट्रेट पावसाबरोबर खतं दिलेल्या सगळ्या शिवारातून खाली येतं, एका तळ्याच्या दिशेनं नाही. म्हणजे विहिरीत आधी क्लोराइड चढलं, तेही तळ्याच्या बाजूच्या विहिरींत आधी आणि लांबच्यांत नंतर, तर एक गोष्ट कळते. नायट्रेट सगळीकडे सारखंच, पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढं, तर दुसरी कळते. ही ओळखपरेड आहे. आणि म्हणून, 'विहिरीत पोटॅश सापडलं नाही, सबब स्पेंटवॉश आलेला नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा: पोटॅश अजून वाटेत असेल, क्लोराइडचं काय?

बाहेरच्या जगात या प्रारूपांची उलटतपासणी बरीच झाली आहे. लिओनार्ड कोनिकोव्ह आणि जॉन ब्रेडेहोफ्ट या दोन भूजलशास्त्रज्ञांनी १९९२ साली लिहिलं, की भूजलाचं प्रारूप 'प्रमाणित झालं' असं म्हणणंच चूक. हे दोघे स्वतः प्रारूपं करणारे, टीका घरातूनच झाली. दोन वर्षांनी नेओमी ओरेस्केस आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये तोच मुद्दा तात्त्विक अंगानं मांडला: गेल्या आकड्यांशी जुळलं म्हणजे पुढचं बरोबर येईल असं नाही, कारण दोन वेगळी प्रारूपं त्याच जुन्या आकड्यांशी जुळू शकतात. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते कोनिकोव्ह यांचं १९८६ चं काम. अॅरिझोनात १९६० च्या दशकात भूजलपातळीचं एक भाकीत केलेलं होतं. यांनी भाकिताची मुदत उलटल्यावर विहिरीगणिक जाऊन पाहिलं, खरं काय झालं. अंतर बरंच निघालं, आणि त्याचं एक मोठं कारण सापडलं ते गणितात नाही, तर लोक किती उपसा करतील याबद्दलच्या गृहीतकात. म्हणजे माणसं कशी वागतील हेच चुकलं.

आपल्याकडे अशी फेरतपासणी कुठं झाली? परवानगी मिळाली की प्रारूपाचं काम संपतं. दहा वर्षांपूर्वीच्या अहवालानं अमुक विहिरीबद्दल काय म्हटलं होतं आणि आज त्या विहिरीत काय आहे, हे कुणी लावून पाहत नाही. आणि पाहता येतही नाही, कारण अहवालात विहिरीचं नाव-गटनंबर घेऊन भाकीत केलेलंच नसतं. 'परिसरात लक्षणीय परिणाम नाही' हे वाक्य खोटं ठरवायचं कसं?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: हे तांत्रिक आहे, लोकांना कळणार नाही. नगर जिल्ह्यातल्या लोकांना? (हशा) जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावर इथल्या चहाच्या टपरीवर काय चर्चा होते ऐकलीय का? मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल, त्यातले तक्ते, मग जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा आदेश, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्के साठा आहे की नाही, मुळेतून किती, प्रवरेतून किती, वाटेत मुरेल किती. तेही प्रारूपच आहे. त्यातली गृहीतं लोकांना पाठ आहेत, कारण त्यावर आपलं पाणी ठरतं. वकील लावून भांडलोय आपण एकेका टक्क्यासाठी. पाणी किती, यावर एवढं भांडणारा जिल्हा पाणी कसं, यावर गप्प का बसतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

दुसरं उदाहरण नगर तालुक्यातलंच, हिवरे बाजार. पाऊस मोजायचा, त्यातलं किती मुरलं आणि विहिरींत किती आहे याचा हिशेब मांडायचा, पिण्यासाठी-जनावरांसाठी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कोणतं पीक बसतं ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियम. पोपटराव पवारांचं आणि गावाचं कौतुक सगळ्यांनी केलं, पद्मश्री मिळाली. पण त्यातली एक गोष्ट नीट बघितली जात नाही. तो जो पाण्याचा ताळेबंद आहे, तेही गणिती प्रारूपच. अगदी साधं, जमाखर्चाचं. ते तिथं टिकलं, कारण ते दर वर्षी लोकांसमोर वाचलं जातं आणि दर वर्षी पाऊस त्याची परीक्षा घेतो. अंदाज फसला तर पुढच्या ग्रामसभेत विचारणारी माणसं समोरच बसलेली असतात. महागड्या सॉफ्टवेअरच्या तुलनेत ते अगदी किरकोळ आहे, पण त्याला हरकती घेता येतात.

प्रदूषणाच्या प्रारूपाला ही शिस्त लावायची म्हणजे काय करायचं, ते अवघड नाही. पोकळी किती धरली, ती कुठल्या पंपिंग चाचणीवरून, पाटाची आवर्तनं धरली का, हे मराठीत, पहिल्या दोन पानांत. गावातल्या दहा-बारा विहिरी गटनंबरानिशी, आणि प्रत्येकीसमोर भाकीत: काही गळालं तर क्लोराइड या विहिरीत इतक्या वर्षांनी इतकं. एका आकड्याऐवजी लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा, असे दोन. मग दोन-तीन पावसाळ्यांनी त्याच विहिरी तपासायच्या आणि प्रारूप दुरुस्त करायचं. झरा कुठल्या बाजूनं आहे हे विहिरीच्या मालकाला विचारायला तर एक पैसाही लागत नाही.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.

(श्रोत्यांचे प्रश्न)

प्रश्न: आमच्याकडं दुकानात टीडीएस मीटर मिळतं, पाच-सातशे रुपयांचं. त्यावर विश्वास ठेवावा का?

– ठेवा, पण त्याला काय कळतं तेवढ्यापुरता. ते पाण्याची वीजवाहकता मोजतं आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. क्षार कुणाचे, कारखान्याचे की खताचे, हे त्याला कळत नाही. पण तीच विहीर, तेच मीटर, मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवून मग घेतलेलं पाणी, दर पंधरा दिवसांनी, आणि वहीत शेजारी पाण्याची खोली, पाऊस आणि पाटाच्या आवर्तनाची तारीख, एवढं दोन वर्षं लिहिलंत तर एका हंगामाच्या अहवालाकडं नाही ते तुमच्याकडं असेल. मग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रयोगशाळेतून क्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या. चार विहिरीवाल्यांनी मिळून केलंत तर जास्त बरं. एकट्या विहिरीवरून दिशा कळत नाही.

प्रश्न: जनसुनावणीत बोललो तरी काय उपयोग? ते लिहून घेतात आणि पुढं जातात.

– आधी हे लक्षात घ्या की सुनावणी सगळ्याच प्रकल्पांना होत नाही. इथेनॉलच्या काही प्रकल्पांना त्यातून सवलत मिळालेली आहे. पण जिथं होते तिथं नियम असा आहे, की लोकांनी मांडलेल्या सगळ्या मुद्द्यांचं इतिवृत्त त्याच दिवशी, सुनावणी संपताना, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं आणि मग त्यावर सही व्हायची. तेव्हा 'पाणी खराब होईल' असं मोघम बोलू नका. लेखी द्या: भूजलाचं प्रारूप केलं आहे का, केलं असेल तर खडकाची पोकळी किती धरली, गळती झाली असं धरून चालवलं का, गट नंबर अमुकच्या विहिरीबद्दल त्यात काय निघालं. आणि मुख्य म्हणजे ते वाचून दाखवेपर्यंत थांबा. निम्मे लोक चहा झाला की उठतात. तुमचा प्रश्न इतिवृत्तात तसाच आलाय का, हे ऐका, आणि गळाला असेल तर तिथंच हात वर करा.